बिनधन्याची सावली

१

चाळीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली आणि चाळीस वर्षं एकाच चुकीचे मार्क कापले. पोरं मडकं काढतात, सावली विसरतात. झाड काढतात, सावली विसरतात. सावली काढून वस्तूच विसरलेला चित्रकार मला सत्तराव्या वर्षी भेटला, असोदा फाट्यावर, वीस फूट लांबीच्या फ्लेक्सवर.

फ्लेक्स ‘हरितधाम’ नावाच्या नव्या वसाहतीचा होता. कॉम्प्युटरवर केलेलं चित्र. काचेच्या दारांचं क्लब हाऊस, फरशांची पायवाट, दिव्याचे खांब, मेंदीचं लांबलचक कुंपण. सगळं इतकं स्वच्छ, की आपल्याकडं धूळ असते हे चित्रकाराला कोणी सांगितलेलं नसावं. बसला उशीर होता म्हणून मी जुन्या खोडीप्रमाणे सावल्या तपासायला लागलो. दिव्याची सावली बरोबर. कुंपणाची बरोबर. आणि मग पायवाटेवर आडवी पडलेली एक सावली दिसली: दोन जाड खांब, वर आडवं लाकूड, मधोमध गोल चाक. तिचा बुंधा मेंदीच्या कुंपणामागं गेला होता. कुंपणाच्या वर बघितलं तर नुसतं निळं आभाळ.

"काय देखी ऱ्हायनात, गुरजी?" बाकावर शेजारी बसलेल्या ताईबाईनं विचारलं.

ताईबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळं बोलणं तिकडचं. तिचा नवरा नथ्थू याच ‘हरितधाम’च्या जागेवर रखवालदार होता. धुळवडीच्या रात्री तो नाहीसा झाला आणि त्याच रात्री जागेवरची तांब्याची केबलही गेली. दोन आणि दोन चार करायला गावाला वेळ लागला नाही. नथ्थू केबल विकून सुरतेला पळाला, असं ठरलं. पोरीचा, सपनाचा, साखरपुडा मोडला. ताईबाईचं खिचडीचं काम गेलं. याला आता आठ महिने झाले होते.

मी बोटानं सावली दाखवली. ती उठून फ्लेक्सजवळ गेली आणि तिनं सावलीच्या चाकावर तळहात ठेवला.

"हाई ते इहीरनं चाक शे," ती म्हणाली. "याच चाकले तार बांधाले तो गयता."

मग तिनं मला धुळवडीची संध्याकाळ सांगितली. रंग धुवायला जागेवरच्या विहिरीतून पाणी ओढताना नथ्थूच्या हातून त्या दिवशी चाकाची एक आरी तुटली होती. तो अंधार पडायच्या आत घरी आला, कपडे वाळत घालायची तार दोन खुंट्यांवरून सोडली आणि निघाला. तार परत आणून दे म्हणून ताईबाई चिडली होती.

"मी बोलनू, तार लिसन ये, नही ते घरमा पाय ठेवू नको." ती म्हणाली. "पोलिसस्ले इहीरनं सांगं. त्यास्ले जागावरना साहेबनी हाऊ फोटू दखाडा. म्हने, देख, कोठे शे इहीर?"

त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नव्हती. जमीन पंधरा वर्षं पडीक, गावापासून लांब, मूळ मालक परगावी. आता तर पाच एकरांवर मुरूम टाकून सगळं सपाट केलेलं. आणि परवा सकाळी तिथं पार्किंगचं काँक्रीट पडणार होतं, हे फ्लेक्सवरच मोठ्या अक्षरात अभिमानानं छापलेलं होतं.

बस आली. मला बाजारात जायचं होतं. मी गेलो नाही.

२

चित्र करणाऱ्या मुलीचं नाव दिपमाला. फ्लेक्स छापणाऱ्याकडून पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडं गेलो. जळगावात एका झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली. खोलीत दोन कॉम्प्युटर भट्टीसारखे तापलेले आणि ती एकटी.

"सर, तिथं विहीर नव्हतीच," माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली. मी विहिरीचं नावही काढलेलं नव्हतं. फक्त ‘हरितधाम’चं चित्र तुमचं का, एवढंच विचारलं होतं.

मी काही बोललो नाही. वर्गात हा उपाय छडीपेक्षा जास्त चालायचा. फ्लेक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो तिच्यापुढं ठेवला आणि सावलीवर बोट टेकवलं. तिनं बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. स्वतःची चूक ओळखणारा चेहरा मी हजार वेळा पाहिला आहे.

"हे चित्र होतं कसं, तेवढं सांगा मला," मी म्हणालो. "मी जुना माणूस."

कामाचं विचारल्यावर माणूस मोकळा होतो. तिनं सांगितलं, आधी कॉम्प्युटरच्या आत अख्खी जागा बांधायची, मोजून, फुटाला फूट. मग एका ठिकाणी कॅमेरा ठेवायचा आणि वर सूर्य. चित्राच्या एकेका ठिपक्यातून एक सरळ रेघ जागेत सोडायची. ती जिथं आपटेल तिथला रंग त्या ठिपक्याला. असे लाखो ठिपके. "शेवटी लांबी, रुंदी, खोली असलेल्या जागेचा सपाट कागद होतो. खोली तेवढी हरवते."

"आणि हरवलेली परत?"

"मूळ फाईल असेल तर. नुसत्या चित्रातून नाही."

"बघू," मी म्हणालो. "आता विहीर."

तिनं पाण्याचा ग्लास संपवला. होळीच्या आठ दिवस आधी ती स्वतः जागेवर जाऊन मोजमापं घेऊन आली होती. विहीर होती. तिनं ती जशीच्या तशी बांधली. धुळवडीनंतर दोन दिवसांनी निरोप आला, विहीर काढा.

"पण आम्ही कधी काही पुसत नाही, सर. हे लोक आज काढ म्हणतात, उद्या घाल. म्हणून वस्तू तिथंच ठेवायची आणि ‘कॅमेऱ्याला दिसू नको’ एवढी खूण करायची. सावलीची खूण वेगळी. काचेतल्या प्रतिबिंबाची वेगळी. मी पहिली केली आणि बाकीच्या दोन राहिल्या." तिनं चित्र मोठं केलं. क्लब हाऊसच्या दुसऱ्या दाराच्या काचेत एक दगडी खांब नखाएवढा उभा होता. "अडीच हजार रुपयांच्या कामात माझं नाव जाणार आता."

मी म्हणालो, "पोरी, तुझ्या चुकीवर एका बाईचा नवरा अडकलाय. नावाचं नंतर बघू. चाकाला तार बांधलेली होती का?"

"तार? नाही. चाक गंजकं होतं, पण सहाही आऱ्या शाबूत. चित्रातलं तर माझ्या साठ्यातलं, गुळगुळीत, कोरं." मूळ फाईल, जागेचे फोटो, सगळं एकाच डिस्कवर होतं, आणि ती डिस्क बिल्डरच्या ऑफिसनं गोपनीय म्हणून मागून नेली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, दोनदा ‘हो’ म्हणाली आणि फोन ठेवला.

"शेठच्या ऑफिसमधून," ती म्हणाली. "असोदा फाट्यावरचा फ्लेक्स उद्याच उतरवताहेत. नवीन चित्र मागितलंय."

३

बिल्डर प्रेमराज शेठचं ऑफिस धुळ्याला. दुपारच्या एसटीनं गेलो. शेठ पन्नाशीचे, कपाळाला गंध, भिंतीवर दिशा दाखवणारं मोठं होकायंत्र. वास्तुशास्त्राचे कट्टर.

"विहीर?" ते म्हणाले. "गुरुजी, नैऋत्येला विहीर असती तर मी त्या जमिनीवर पाय ठेवला नसता. जमीन मी पहिल्यांदा बघितली ती होळीनंतर, आखाजीला, भूमिपूजनाच्या दिवशी. तळहातासारखी सपाट होती."

"विहीर नैऋत्येला होती असं मी कुठं म्हटलं?"

शेठनी होकायंत्राकडं नजर टाकली. मग म्हणाले, "त्या बाईनं सगळ्यांना तेच सांगितलंय. मला रडत फोन केला होता." हे खरं असू शकत होतं, आणि नसूही शकत होतं.

"आणि फ्लेक्स का उतरवता?"

"उन्हानं रंग उडालेत. त्यातही भानगड दिसते का तुम्हाला?"

दार उघडून एक पस्तिशीचा माणूस आत आला. हातात नकाशांची गुंडाळी. राकेश, जागेवरचा इंजिनिअर. जमीन शोधली त्यानं, सपाट केली त्यानं, डिस्क मागवली त्यानं. माझं काम ऐकून तो दिलखुलास हसला आणि चहा मागवला.

"सर, या पोरींना खेड्याचा देखावा लागतो. बैलगाडी घाल, विहीर घाल. पहिल्या चित्रात तिनं विहीर घातली, वर ते तारेनं बांधलेलं चाक. मी म्हटलं, बाई, लोक फ्लॅट घ्यायला येणार आहेत, भिकार विहीर बघायला नाही. काढून टाक. एवढीच गोष्ट."

"म्हणजे जागेवर विहीर नव्हतीच."

"कधीच नव्हती."

"नथ्थू गेला त्या रात्री तुम्ही कुठं होतात?"

"इथंच, धुळ्याला. होळी-धुळवड धरून चार दिवस घरी. विचारा शेठना, धुळवडीला दुपारी यांच्याच अंगणात रंग खेळलो." शेठनी मान हलवली. राकेश मला जिन्यापर्यंत सोडायला आला. अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "त्या बाईला आशा लावू नका, सर. उद्या काँक्रीट पडलं की हा विषय कायमचा मिटेल."

परतीच्या बसमध्ये त्याचं एक वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. पारोळा गेलं तरी खडा सापडेना. एरंडोलच्या थांब्यावर एक बाई ओली साडी खिडकीच्या गजाला वाळत घालत होती, आणि मला तो सापडला.

पण नुसत्या वाक्यावर कोणी माणूस धरत नाही. आधी विहीर पाहिजे होती.

४

तालुक्याच्या ठाण्यात फौजदार मेघा. माझी विद्यार्थिनी, इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड. माझं सगळं ऐकून तिनं कपाळ चोळलं.

"सर, पाच एकर आहे. तीस-तीस फूट खणत बसू का? वरून कोणी विचारलं तर काय सांगू, आमच्या सरांना सावली दिसली?"

"एक खड्डा दे."

"कुठं?"

"उद्या सकाळी सांगतो."

तिनं डायरी पुढं ओढली. "एकच, सर. आणि तो रिकामा निघाला तर त्या बाईला यापुढं कोणी दारात उभं करणार नाही. पोरीचं लग्नही कायमचं राहील. हे तुम्हाला कळतंय ना?"

कळत होतं. मला भीती वाटत होती, ती त्याचीच.

५

सकाळी सात वाजता आम्ही जागेवर. मी, ताईबाई, दिपमाला, मेघा, तिचा हवालदार आणि एक जेसीबी. फाटकाशी शेठची गाडी उभी होती. मेघानंच त्यांना आणि राकेशला बोलावलं होतं. राकेश हाताची घडी घालून उभा. काँक्रीटची गाडी पलीकडच्या रस्त्यावर येऊन थांबली होती.

पुढं पसरलेला मुरूम. एक दगड नाही, एक झुडूप नाही. पण क्लब हाऊस बांधून झालं होतं, काचेच्या दारांसकट. पायवाट झाली होती. दिव्याचे खांब उभे होते. सगळं दिपमालाच्या चित्राबरहुकूम, मेंदी तेवढी लावायची राहिली होती. चोरानं चित्र पुसलं नव्हतं, उलट इमानेइतबारे बांधून काढलं होतं.

"कॅमेरा कुठं ठेवला होतास?" मी दिपमालाला विचारलं.

"फाटकाच्या डाव्या खांबाला लागून. पाच फुटांवर. मी नेहमी माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवते."

मी फाटकाच्या डाव्या खांबाला पाठ लावली. हातात चित्राची मोठी प्रत.

चित्रात तिसऱ्या दिव्याच्या सावलीचं टोक क्लब हाऊसच्या पायरीच्या कोपऱ्यावर पडलं होतं. दिव्याच्या बुडापासून त्या कोपऱ्यापर्यंत पहिली दोरी ताणली. चित्रातलं ऊन कुठून कुठं जातं, ते झालं. चाकाची सावली पायवाटेच्या अकराव्या फरशीवर होती. तिथून पहिलीला समांतर दुसरी दोरी, सूर्याच्या बाजूला, मुरूमावर लांबपर्यंत.

"विहीर या दोरीवर आहे," मी मेघाला म्हणालो. "कुठं, ते सावली सांगत नाही. ते काच सांगेल."

लांब बांबू हवा होता. हवालदार पुढं झाला, पण ताईबाईनं त्याच्या हातातून बांबू घेतला. मी नाही म्हणणार होतो. तिच्याकडं बघितलं आणि दोरी दाखवली.

ती बांबू उभा धरून दोरीवरून चालायला लागली. मी फाटकापाशी एक डोळा मिटून क्लब हाऊसच्या दुसऱ्या दाराकडं बघत होतो. चित्रात त्या काचेत खांब जिथं उभा होता, तिथं दिपमालानं खडूची खूण केली होती. काचेत आधी काहीच नव्हतं. मग उजव्या कडेला बांबू दिसला.

"पुढं," मी म्हणालो. "आणखी. सावकाश."

काचेतला बांबू खुणेकडं सरकत होता. राकेशची घडी सुटली होती, तो कोणाला तरी फोन लावत होता. मेघानं हात पुढं करून तो फोन स्वतःकडं घेतला.

"अर्धं पाऊल. थांब."

बांबू खडूच्या खुणेवर बसला. ताईबाई थांबली. खाली बघितलं. तिच्या पायाखाली बाकी पाच एकरांसारखाच मुरूम होता. तिनं बांबू तिथंच रोवला आणि त्याच्याजवळ मांडी घालून बसली.

शेठनी खिशातून छोटं होकायंत्र काढलं, बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"नैऋत्य," ते पुटपुटले.

६

दहा फुटांपर्यंत मुरूम निघाला. मग काळी माती. राकेश दोनदा म्हणाला, चला, हौस फिटली असेल. बाराव्या फुटाला जेसीबीचा दात दगडावर घासला. घडीव दगड, गोलाईत बसवलेला. मेघानं मशीन थांबवलं आणि माणसं खाली उतरवली.

आधी मोडलेलं आडवं लाकूड आलं. मग चाक. गंजलेलं, मातीनं भरलेलं, एका आरीला तार गुंडाळलेली. त्याच्याखाली जे होतं त्यावर हवालदारानं चादर टाकली.

राकेशच आधी बोलला. त्याचा आवाज अजून शाबूत होता. "ठीक आहे, विहीर होती. मी सपाटीकरणाला माणसं लावली, त्यांनी बुजवली असेल. हा दारूच्या नशेत पडला असेल, मला काय माहीत? मी धुळ्याला होतो."

"राकेशभाऊ," मी म्हणालो, "काल तुम्ही मला सांगितलंत, चित्रातल्या विहिरीला तारेनं बांधलेलं चाक होतं. दिपमाला, तुझ्या चित्रात तार होती?"

"नाही, सर. कोरं चाक होतं."

"जागेवर मोजमाप घेतलंस तेव्हा?"

"नव्हती."

"बरोबर. तेव्हा आरी तुटलीच नव्हती. ती तुटली धुळवडीला. तार नथ्थूनं बांधली धुळवडीच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पहाटेच इथं मुरूम पडला, एवढं सपाटीकरणाच्या जेसीबीवाल्यानं काल रात्री मेघाला सांगितलंय, विहिरीचं मात्र तो ‘माहीत नाही’ म्हणाला. म्हणजे तारेचं चाक या जगात एकच रात्र होतं. ते ज्यानं पाहिलं तो त्या रात्री इथं होता. धुळ्यात दुपारी रंग खेळून रात्री इथं यायला गाडीनं किती वेळ लागतो? केबल न्यायला आलात, आणि नथ्थू पळाला नव्हता, इथंच उभा होता."

राकेशनं शेठकडं बघितलं. शेठ दोन पावलं मागं सरकले.

"काम सोडून गेलाच नाही तो," राकेश अगदी हळू म्हणाला. "धुळवड होती. सगळे रखवालदार घरी जातात. हा बसला होता चाक दुरुस्त करत." मग आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि तो फाटकाकडं वळला. मेघानं त्याचा दंड धरला.

काँक्रीटची गाडी वळून निघून गेली. मला खूप राग येत होता, आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. दिपमाला फाटकाच्या खांबाला टेकून रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा एका चुकीला मी पूर्ण मार्क दिले होते.

ताईबाई उठली ती सरळ चाकाकडं गेली. हवालदार अडवणार होता, मेघानं नको म्हणून मान हलवली. ताईबाईनं पदरानं तारेवरची माती पुसली. एका टोकाला अजून तिच्या खुंटीची गाठ होती.

गावची बरीच माणसं तोवर फाटकाशी जमली होती. आठ महिने ज्यांनी तिच्या दारावरून मान फिरवून ये-जा केली, तीच. ती त्यांच्याकडं वळली.

"देखा," ती म्हणाली. "तार लिसन ऊना तो."

मग ती चादरीजवळ बसली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी, अगदी साध्या आवाजात बोलली.

"चाल आते घर."